झेरमाटमधील शाश्वत पर्यटन

झेरमाट (जर्मन उच्चार: त्सेरमाट) हे स्वित्झर्लंडच्या व्हाले राज्यातील, आल्प्स पर्वतरांगेत सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले गाव असून मॅटरहॉर्न या ४,४७८ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याचे पर्यटनस्थळ म्हणून ते जगभर ओळखले जाते. गावाची कायम लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास आहे. पर्यटकांच्या मुक्कामाच्या रात्री मोजल्या, तर ही संख्या वर्षाकाठी सुमारे २० लाख भरते. इंधनावर चालणाऱ्या खाजगी मोटारींना गावात प्रवेश नाही. त्यामुळे पर्वतीय प्रदेशातील शाश्वत पर्यटनाची चर्चा करताना झेरमाटचे उदाहरण वारंवार दिले जाते. तथापि हिमनद्यांवरील बांधकाम, घरांच्या चढ्या किमती आणि दूरच्या पर्यटकांचा विमानप्रवास या कारणांनी हेच गाव टीकेचाही विषय झाले आहे.

पर्यटनामुळे होणारा आर्थिक लाभ, स्थानिक समाजाचे हित आणि निसर्गाचे रक्षण या तिन्हींचा मेळ घालून, पुढील पिढ्यांची साधने न संपवता केलेले पर्यटन म्हणजे शाश्वत पर्यटन, असा या संज्ञेचा सर्वसाधारण अर्थ आहे. झेरमाटच्या बाबतीत ही साधने म्हणजे प्रामुख्याने बर्फ, पाणी, जमीन आणि शांतता होत.

भौगोलिक पार्श्वभूमी

झेरमाट हे मॅटरटाल या अरुंद दरीच्या वरच्या टोकाला आहे. गावाभोवती ४,००० मीटरहून उंच अशी अनेक शिखरे असून त्यांपैकी मोंटे रोझा पर्वतसमूहातील ड्युफूर हे ४,६३४ मीटर उंचीचे शिखर स्वित्झर्लंडमधील सर्वोच्च शिखर आहे. गोर्नर, फिंडेल, त्समुट आणि थिओडुल या हिमनद्या गावाच्या वरच्या बाजूस आहेत. त्यांचे वितळलेले पाणी घेऊन येणारी नदी गावाच्या मधून वाहते आणि पुढे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात जाते. दक्षिणेकडील कड्यापलीकडे इटलीतील चेरव्हिनिया हे गाव असून दोन्ही गावांचे स्कीचे उतार परस्परांना जोडलेले आहेत.

खालच्या खोऱ्यातून गावाकडे येणारी वाट एकच आहे. हिमस्खलन, दरड किंवा पूर यांमुळे ती बंद पडली, की गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला जमिनीवरचा संपर्क तुटतो. १९९१ साली एप्रिल आणि मे महिन्यांत दरीतील रांडा या गावाजवळ सुमारे ३ कोटी घनमीटर खडक कोसळून रस्ता व लोहमार्ग दोन्ही बंद झाले होते. जानेवारी २०१८ मध्ये अतिहिमवृष्टीमुळे सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकून पडले, तर जून २०२४ मध्ये पुरामुळे रेल्वे पुन्हा खंडित झाली. गावात किती लोक राहावेत व यावेत, या प्रश्नाला या भूगोलामुळे सुरक्षिततेचीही बाजू आहे.

इतिहास

पर्यटनाचा आरंभ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झेरमाट हे गुरे, मेंढ्या, राय आणि गवताची कुरणे यांवर जगणारे गरीब डोंगरी गाव होते. दगडी चकत्या बसवलेल्या खांबांवर उभारलेली लाकडी कोठारे गावाच्या जुन्या भागात आजही दिसतात. उंदरांना वर चढता येऊ नये, म्हणून त्या चकत्या बसवलेल्या असत. अलेक्झांडर झायलर या व्यावसायिकाने १८५० च्या दशकात मोंटे रोझा हे हॉटेल सुरू केले. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याच्या सहा सहकाऱ्यांनी मॅटरहॉर्नचे शिखर प्रथमच गाठले. उतरताना त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेची युरोपभर चर्चा झाली आणि गावाकडे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

पर्यटनाचा लाभ कोणाला मिळावा, हा प्रश्न तेव्हापासूनच उपस्थित झाला होता. बाहेरून आलेल्या झायलर यांना गावाचे पूर्ण नागरिकत्व देण्यास जुन्या घराण्यांनी अनेक वर्षे विरोध केला. दुसरीकडे गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमांतून झेरमाटरहोफ हे हॉटेल उभारून १८७९ मध्ये ते सुरू केले. जुन्या घराण्यांची सामूहिक संस्था, म्हणजेच बुर्गरगेमाइंडे, ही आजही गावाभोवतालची कुरणे व जंगले यांची मोठी मालक असून हॉटेले आणि डोंगरी वाहतूक कंपन्यांत तिची भागीदारी आहे.

रेल्वे आणि शिखरावरील रेल्वेला विरोध

फिस्प ते झेरमाट हा लोहमार्ग १८९१ मध्ये पूर्ण झाला. १८९८ मध्ये गावातून गोर्नरग्राट या ३,०८९ मीटर उंचीवरील ठिकाणापर्यंत जाणारी दंतचक्री रेल्वे सुरू झाली. ती आरंभापासूनच विजेवर चालणारी होती. याच काळात थेट मॅटरहॉर्नच्या शिखरापर्यंत रेल्वे नेण्याची योजनाही मांडली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या योजनेने पुन्हा जोर धरला, तेव्हा गिर्यारोहक आणि वारसारक्षक संघटनांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि विरोधी निवेदनावर सुमारे ७०,००० सह्या जमवल्या. ही रेल्वे कधीच बांधली गेली नाही. पर्वताचे सौंदर्य ही विकण्याची वस्तू नसून राखण्याची ठेव आहे, हा विचार स्वित्झर्लंडमध्ये रुजवणाऱ्या आरंभीच्या चळवळींमध्ये तिची गणना होते.

१९६३ ची विषमज्वराची साथ

१९२० च्या दशकाच्या अखेरीस झेरमाटमध्ये हिवाळी हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर स्कीच्या लोकप्रियतेमुळे गाव झपाट्याने वाढले. हॉटेले वाढली, परंतु पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही. १९६३ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत, ऐन हंगामात, गावात विषमज्वराची साथ पसरली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळे ही साथ उद्भवली होती. ४३७ जणांना लागण झाली आणि तिघांचा मृत्यू झाला. रुग्णांमध्ये परदेशी पर्यटकांची संख्या मोठी होती आणि मायदेशी परतल्यावर त्यांपैकी अनेकांचे निदान झाले. हॉटेले बंद करावी लागली.

पर्यटनस्थळाच्या वाढीला तेथील पाणी, मलनिस्सारण आणि आरोग्यव्यवस्था यांची मर्यादा असते, हे या साथीने दाखवून दिले. स्वच्छ पर्वतीय प्रदेश ही प्रतिमा एका हंगामात कशी कोसळू शकते, याचे उदाहरण म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख केला जातो. पुढील काळात गावाची पाणीव्यवस्था सुधारण्यात आली. जागेची टंचाई आणि हिमस्खलनाचा धोका लक्षात घेऊन सांडपाणी शुद्धीकरण केंद्र डोंगराच्या पोटात खोदलेल्या गुहेत उभारण्यात आले.

मोटारमुक्त वाहतूक

पर्यटकांना स्वतःची मोटार झेरमाटच्या सुमारे ५ किलोमीटर अलीकडील टेश या गावापर्यंतच नेता येते. तेथे २,००० हून अधिक मोटारींची सोय असलेला वाहनतळ असून तेथून सुमारे १२ मिनिटांत रेल्वे झेरमाटला पोहोचते. टेशच्या पुढे रस्ता आहे, परंतु त्यावर केवळ परवानाधारक वाहनांनाच जाता येते. हा रस्ता सर्वांसाठी खुला करावा की नाही, यावर गावात अनेक वर्षे वाद झाला. हा प्रश्न मतदानालाही आला आणि नागरिकांनी गाव मोटारमुक्त ठेवण्याच्या बाजूने कौल दिला.

गावांतर्गत वाहतुकीसाठी लहान, पेटीसारख्या आकाराची विद्युत वाहने वापरली जातात. त्यांची संख्या सुमारे ५०० असून त्यांत हॉटेलांच्या गाड्या, टॅक्सी, मालवाहू गाड्या आणि सार्वजनिक बस यांचा समावेश होतो. यांपैकी बरीच वाहने गावातील छोट्या कारखान्यांतच तयार होतात. अरुंद गल्ल्या, तीव्र चढ आणि कडाक्याची थंडी यांना अनुरूप अशी त्यांची रचना असते. वाहन विद्युत असले, तरी ते मनाला येईल तेव्हा घेता येत नाही. त्याची गरज पटवून देऊन गावाच्या प्रशासनाकडून परवानगी घ्यावी लागते. अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसारख्या अत्यावश्यक सेवांना इंधनबंदीच्या नियमातून अपवाद करण्यात येतो.

या धोरणाचे श्रेय केवळ पर्यावरणविषयक जागृतीला देता येत नाही. रेल्वे ही गावाची जुनी जीवनवाहिनी होती आणि हिमस्खलनप्रवण दरीत मोठा रस्ता बांधणे व तो हिवाळाभर मोकळा ठेवणे खर्चाचे होते. शिवाय शांत रस्ते आणि धूरविरहित हवा हेच पर्यटकांचे आकर्षण ठरेल, हे व्यावसायिकांच्याही ध्यानात आले. स्वार्थ आणि निसर्गहित यांची दिशा एक झाल्यामुळे हा नियम टिकला, असे या धोरणाच्या वाटचालीवरून दिसते. दुसऱ्या बाजूने पाहता, मोटारींचा भार पूर्णपणे नाहीसा न होता त्याचा काही भाग खालच्या गावांकडे सरकला. वाहनतळ, वर्दळ आणि गोंगाट टेशच्या वाट्याला आले.

ऊर्जा, पाणी आणि इमारती

गोर्नरग्राट रेल्वेच्या उतरणाऱ्या गाड्या ब्रेक लावताना वीजनिर्मिती करतात आणि ती वीज चढणाऱ्या गाड्यांना उपयोगी पडते. ३,८८३ मीटर उंचीवरील क्लाइन मॅटरहॉर्न येथील उपाहारगृहाच्या दक्षिण दर्शनी भिंतीवर सौरपट्ट्या बसवलेल्या आहेत.

या भागातील सर्वांत चर्चित इमारत म्हणजे २,८८३ मीटर उंचीवरील नवी मोंटे रोझा गिर्यारोहक निवारा इमारत होय. झ्युरिकची ईटीएच ही तंत्रविद्या संस्था आणि स्विस आल्पाइन क्लब यांनी ती २००९ मध्ये पूर्ण केली. आतून लाकडी आणि बाहेरून ॲल्युमिनियमने मढवलेली ही इमारत स्फटिकासारखी दिसते. तिला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के ऊर्जा स्वतःच निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. उन्हाळ्यात वितळणारे पाणी साठवून ते वर्षभर वापरण्याची सोयही करण्यात आली. मात्र इमारतीच्या प्रसिद्धीमुळे अपेक्षेहून अधिक पाहुणे येऊ लागले आणि आरंभीच्या काळात ऊर्जेचा वापर हिशेबाबाहेर गेला. कार्यक्षमतेमुळे होणारी बचत वाढत्या गर्दीने गिळून टाकली जाते, ही शाश्वत पर्यटनातील नेहमीची अडचण येथेही दिसून आली.

झेरमाटच्या हिमनद्यांचे पाणी जलविद्युतनिर्मितीसाठीही वापरले जाते. त्समुट येथून हे पाणी उपसून बोगद्यांमधून ग्रांद दिक्सांस या २८५ मीटर उंचीच्या धरणाकडे वळवले जाते. गोर्नर हिमनदीच्या खालच्या बाजूस गोर्नर्ली हे नवे धरण बांधण्याची योजनाही आहे. त्यातून हिवाळ्यासाठी वर्षाला सुमारे ६५० गिगावॅट तास वीज मिळावी आणि गावाचे पुरापासून संरक्षण व्हावे, असे अपेक्षित आहे. धरणाने बर्फाखालून नव्याने मोकळी होत असलेली नैसर्गिक भूमी बुडेल, असा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे. कर्बविरहित वीज आणि अस्पर्श निसर्ग या दोन्ही शाश्वततेच्याच बाजू आहेत, हे या वादाचे वैशिष्ट्य आहे.

हिमनद्या आणि हवामानबदल

झेरमाटच्या पर्यटनापुढील सर्वांत मोठे आव्हान हवामानबदलाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोर्नर हिमनदी दोन किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. २०२२ आणि २०२३ या केवळ दोन वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी आपल्या एकूण आकारमानाच्या सुमारे १० टक्के बर्फ गमावला.

थिओडुल हिमनदीवर उन्हाळ्यातही स्की करता येत असल्यामुळे अनेक देशांचे संघ सरावासाठी येथे येतात. जुलै २०२२ च्या अखेरीस बर्फ अपुरा पडल्याने हा उन्हाळी हंगाम तात्पुरता थांबवावा लागला. कडाक्याची थंडी नसतानाही बर्फ तयार करू शकणारे यंत्र झेरमाटमध्ये बसवण्यात आले आहे. कृत्रिम बर्फामुळे हंगाम लांबवता येत असला, तरी त्यासाठी पाणी, वीज आणि जलाशय लागतात.

कायम गोठलेला खडक सैल होणे हाही तापमानवाढीचा परिणाम आहे. २००३ च्या कडक उन्हाळ्यात मॅटरहॉर्नच्या ह्योर्नली धारेवर दरड कोसळली आणि वर असलेल्या सुमारे ९० गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. त्यानंतर या धारेवर संवेदक बसवून खडकांच्या हालचालींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. हिमनद्या आटल्याने पाणलोटाची रेषाच सरकली असून त्यामुळे मॅटरहॉर्न परिसरातील स्वित्झर्लंड-इटली सीमेत काही ठिकाणी बदल करण्यावर दोन्ही देशांचे एकमत झाले आहे.

हिमनदीवरील स्पर्धेचा वाद

झेरमाट आणि चेरव्हिनिया यांना जोडणारी, दोन देशांतून जाणारी विश्वचषक स्की स्पर्धा २०२२ पासून भरवण्याचे ठरले. ३,७०० मीटरहून अधिक उंचीवर सुरू होऊन इटलीत संपणारी ही स्पर्धा हंगामाच्या आरंभी, ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबर महिन्यात नियोजित होती. २०२२ मध्ये बर्फ कमी पडल्याने आणि २०२३ मध्ये वारा व हिमवृष्टी यांमुळे स्पर्धा रद्द झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये थिओडुल हिमनदीवर उत्खनन यंत्रे बर्फ खोदून मार्ग तयार करत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि मोठी टीका झाली. हिमनदीतील भेगा बुजवून मार्ग सुरक्षित करणे ही नेहमीचीच पद्धत आहे, असा आयोजकांचा खुलासा होता. मात्र काही काम परवानगी असलेल्या स्की क्षेत्राबाहेर झाल्याचे आढळल्याने व्हाले राज्याच्या बांधकाम प्राधिकरणाने त्या भागाचा वापर थांबवण्याचा आदेश दिला. पुढे ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या वेळापत्रकातून वगळण्यात आली. एकही शर्यत पूर्ण झाली नाही.

जमीन, घरे आणि स्थानिक समाज

दरी अरुंद असल्यामुळे आणि हिमस्खलनाच्या मार्गात बांधकामास मनाई असल्यामुळे झेरमाटमध्ये घरांसाठी जागा अत्यल्प आहे. सुट्टीपुरती वापरली जाणारी दुय्यम घरे वाढल्याने जागेच्या किमती भडकल्या. ११ मार्च २०१२ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या सार्वमतात, ज्या गावांत दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक आहे तेथे अशी नवी घरे बांधण्यास बंदी घालणारा प्रस्ताव ५०.६ टक्के मतांनी संमत झाला. पर्यटनावर अवलंबून असलेल्या व्हाले राज्याने त्याविरुद्ध मतदान केले होते. यासंबंधीचा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला असून झेरमाट त्याच्या कक्षेत येते. या कायद्याने मोकळ्या जमिनीवरील अतिक्रमणाला आळा बसला. तथापि जुनी घरे विकत घेऊन त्यांचे सुट्टीच्या घरांत रूपांतर करण्याची वाट काही प्रमाणात खुली राहिली, अशी टीका होते.

हॉटेले, उपाहारगृहे आणि डोंगरी रेल्वे चालवणारे कर्मचारी हे या पर्यटनाचा कणा आहेत. त्यांत पोर्तुगीज समुदाय मोठा आहे. गावातील भाडी परवडत नसल्याने अनेक कर्मचारी टेश, सांक्ट निकलाउस अशा खालच्या गावांत राहून रोज रेल्वेने ये-जा करतात. गाव पर्यटकांसाठी सुंदर राखले, परंतु ते राखणाऱ्यांनाच तेथे राहता येईना, तर त्याला शाश्वत म्हणता येईल का, हा प्रश्न स्थानिक राजकारणात सातत्याने चर्चिला जातो.

शेती हा आता गावातील मुख्य व्यवसाय राहिलेला नाही. तरीही काळ्या तोंडाच्या पांढऱ्या व्हाले मेंढ्या आणि उतारांवरील गवताची कापणी टिकून आहे. कुरणे कापली गेली नाहीत, तर त्यांवर झुडपे वाढतात आणि फुलझाडांची विविधता घटते. म्हणून ही शेती उत्पन्नापेक्षा भूदृश्याच्या रक्षणासाठी महत्त्वाची मानली जाते.

आंतरराष्ट्रीय चौकट

आल्प्समधील देशांनी ७ नोव्हेंबर १९९१ रोजी साल्झबुर्ग येथे आल्प्स करारावर सह्या केल्या आणि तो १९९५ मध्ये अमलात आला. या करारातील पर्यटनविषयक प्रोटोकॉल १९९८ मध्ये तयार झाला. पर्यटनाच्या वाढीला निसर्गाच्या क्षमतेची मर्यादा घालणे, सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य देणे आणि काही भूभाग शांत क्षेत्रे म्हणून राखणे ही त्यातील प्रमुख तत्त्वे आहेत. स्वित्झर्लंड हा मूळ कराराचा सदस्य असला, तरी त्याच्या संसदेने प्रोटोकॉलांना संमती दिलेली नाही. त्यामुळे झेरमाटमधील नियमांचा आधार मुख्यतः स्विस कायदे, राज्याचे परवाने आणि गावाचे स्वतःचे निर्णय हाच आहे.

मूल्यमापन आणि टीका

झेरमाटच्या बाजूने मुख्यतः तीन गोष्टी सांगितल्या जातात: मोटारींवरील बंदी अनेक दशके टिकवणे, रेल्वेला प्राधान्य देणे आणि गावाच्या सामूहिक संस्थेमुळे पर्यटनाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा स्थानिक लोकांकडे राहणे. मोटारबंदीने व्यवसाय बुडतो, ही भीती येथे खोटी ठरली.

टीकाकारांच्या मते गावातील स्वच्छ हवा हा चित्राचा एक भाग आहे. आशिया आणि अमेरिकेतून येणाऱ्या पर्यटकांच्या विमानप्रवासातून होणारे कर्ब उत्सर्जन गावातील विद्युत वाहनांनी वाचवलेल्या उत्सर्जनाच्या कितीतरी पट असते. हवाई सहलींच्या हेलिकॉप्टरांचा आवाज हाही वादाचा विषय आहे. हीच हेलिकॉप्टर सेवा गिर्यारोहकांच्या बचावकार्यासाठी मात्र अपरिहार्य आहे. २०१८ आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या रज्जुमार्गांमुळे झेरमाटहून इटलीत वर्षभर जाता येऊ लागले. त्यामुळे उंच हिमाच्छादित प्रदेशातील गर्दी वाढेल, अशी चिंता व्यक्त केली जाते. कमी पर्यटक, परंतु अधिक दिवसांचा मुक्काम आणि चारही ऋतूंत विभागलेली वर्दळ हा पर्याय सुचवला जातो. त्यामुळे प्रवासातून होणारे उत्सर्जन घटते आणि कर्मचाऱ्यांना वर्षभराचे काम मिळते.

हेही पहा

आल्प्स
मॅटरहॉर्न
शाश्वत विकास
हिमनदी
माथेरान